सरदारांची टू-सीटर

भिया, जुनी स्पोर्ट्स कार घेताना काय बघायचं ते मला नको विचारूस, मी थकलो. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, तेव्हा दरबारातले एक सरदार आपली विलायती टू-सीटर विकायला निघाले. मिस्त्रीनं मला बजावलं होतं, "इंजन ठंडा हो तब चालू करवाना, और ब्रेक जरूर देखना."

मी बॉनेटला हात लावला तर ते गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली. ब्रेक बघायला आत बसणार, तेवढ्यात बाबा कानाशी पुटपुटले, "लाज नाही वाटत? यांच्या हाताखाली जन्म काढला मी. सरदारांची गाडी तपासतोस?"

घेतली तशीच. मग रोज सकाळी मी स्टिअरिंगवर आणि बाबा मागून धक्का द्यायला.

एकदा असेच पुलाच्या चढावर होतो आणि समोरून सरदारांचा टांगा आला. गाडी एकदम मागे घसरायला लागली. ब्रेक दाबला, लागलाच नाही. ओरडलो, "बाबा, धरा!"

वळून बघतो तर बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून, कमरेत वाकून मुजरा करताहेत.