गाडेकरांचे पूर्वज आणि पाचवीचा धडा

टाळकरी बुवा, जरा थांबा. मागं उन्हात बसलेत त्यांना मांडवात घ्या. सरका, सरका — देवाच्या दारात मांडी थोडी आवळून बसलं तर काही बिघडत नाही. झालं? बरं.

मंडळी, ऐका. आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

तुमचं लेकरू शाळेतून घरी आलं. दप्तर टाकलं, आणि असं काही बोललं, की जे तुमच्या देवघरात बसत नाही. तर चूक कुणाची? शाळेची? देवघराची? का दोन्हींच्या मध्ये उभा राहून जो डोळे वटारतो, त्याची?

हे पुराणातलं आख्यान नाही. यात राजा नाही, राक्षस नाही. शाप आहे, पण तो ऋषीनं दिला नाही. एका कीर्तनकारानं दिला, तोही हसत हसत. तो कीर्तनकार म्हणजे मीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही.

हिवरदरा नावाचं गाव. तिथं भानुदास आबा गाडेकर — मोठा माणूस, शब्दाला वजन, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. शाळेला पत्रे आले ते आबांमुळं, पाण्याची टाकी आली ती आबांमुळं. आणि त्याच शाळेत पाचवीला शिकवायला खेमनर मॅडम. नऊ वर्षं त्याच गावात. मॅडम आल्या तेव्हा शाळेत एकोणीस पोरं होती, आता एकसष्ट. यातली एक आबांची नात — ईश्वरी. नाव ईश्वरी, आणि तोंडात सारखा एकच शब्द — 'का?' आजोबा, बैलाला शेपूट का? आजोबा, चंद्र आपल्याबरोबर का चालतो? आबांना याचं मोठं कौतुक. चारचौघांत सांगायचे, 'आमची नात वकील होणार.'

आता काय झालं — आबांच्या वडिलांचं, तात्यांचं, वर्षश्राद्ध आलं. भाद्रपद महिना, रविवार. घरी सकाळी विधी, आणि दहा ते बारा माझं कीर्तन. व्याही आलेले, पाव्हणे आलेले, ओसरी भरलेली. जोशीगुरुजींनी पाट मांडले, दर्भ दिले, आणि म्हणाले, 'आबा, पूर्वजांची नावं सांगा.'

आबा म्हणाले, 'वडील — गेनबा.'

'त्यांचे वडील?'

'सखाराम.'

'त्यांचे?'

आबा थांबले. चुलत्याकडं बघितलं. चुलते आढ्याकडं बघायला लागले. (तुम्ही हसू नका. तुमच्यातल्या किती जणांना पणजोबांचं नाव येतं? हात वर करा बघू. बघा! आणि जमिनीचा गट नंबर विचारला तर झोपेत सांगाल.)

पणजोबांचं नाव कुणालाच येईना. तेवढ्यात ईश्वरी बोलली. मदत करायला बोलली हो! वर्गात प्रश्न विचारल्यावर ज्याला येतं तो बोलतो ना, तसं. म्हणाली, 'आजोबा, मला माहितीये. मॅडमनं परवाच शिकवलंय. आपले पूर्वज माकडं होती.'

व्याही फिस्सकन हसले. मग पाव्हणे हसले. तात्यांचा फोटो हार घालून समोर ठेवलेला, आणि ओसरी हसतेय.

आता बघा, शब्द एकच — पूर्वज. पण शाळेत त्या शब्दाचा अर्थ कोट्यवधी वर्षांमागचा, आणि ओसरीवर त्याचा अर्थ गेनबा तात्या, ज्यांनी आबांना खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. पोरीनं शाळेतला शब्द उचलला आणि थेट श्राद्धाच्या पाटावर ठेवला. तिची चूक एवढीच. पण आबांच्या काळजात ती पार आत गेली. बापाच्या श्राद्धाला बापाला माकड म्हटलं, ते माझ्याच नातीनं, ते व्याह्यासमोर! मंडळी, त्यांचा राग खोटा नव्हता. दुखलेल्या माणसाला मी हसणार नाही.

आबा तडक माझ्याकडं आले. मी फेटा बांधत होतो. म्हणाले, 'महाराज, शाळेत पोरांना हे असलं शिकवतात. देवधर्म बुडवायला निघालेत. आज दोन शब्द त्या मॅडमवर बोला.'

मी काय विचारायला हवं होतं? 'आबा, मॅडम नेमकं काय म्हणाल्या?' एवढंच. पाच शब्द. नाही विचारले. फेट्याचा शेव नीट बसतोय का, ते आरशात बघत होतो. आणि कीर्तनाला उभा राहिलो, वीणेकऱ्याकडं बघितलं, आणि सोडला विनोद —

'आजकाल काही शिकलेल्या बायकांना आपले पूर्वज माकडं होती असं वाटतं. असतील बुवा त्यांचे! त्यांनी श्राद्ध झाडावर घालावं, आणि पानात भुईमुगाच्या शेंगा वाढाव्यात!'

हसलात ना? तिथंही असंच हसले. मांडव डोक्यावर घेतला. आणि बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, खेमनर मॅडम बसल्या होत्या. तात्यांच्या पुण्यस्मरणाला आल्या होत्या, रविवार असून. तात्या जिवंत असताना रोज शाळेच्या कट्ट्यावर येऊन बसायचे, पोरांना ओवीतली कोडी घालायचे. त्या माणसासाठी ही बाई आली होती. मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंच नव्हतं.

कीर्तन संपलं. लोक पाया पडायला आले, मी बुक्का लावत होतो. रांगेत मॅडमही आल्या. वाकल्या. मी बुक्का लावला. हळूच म्हणाल्या, 'महाराज, पाचवीचा तो धडा एकदा वाचाल का?' आणि निघून गेल्या. जेवायलासुद्धा थांबल्या नाहीत.

पुढं काय होणार? सोमवारी शाळेत बैठक. ठरलं काय, तर त्या धड्याची पानं एकमेकांना खळ लावून चिकटवायची. एकसष्ट पोरांच्या शाळेत पाचवीची तेरा पुस्तकं. मॅडम म्हणाल्या, 'मी अध्यक्षांचं सगळं ऐकते. हे ऐकणार नाही. पुस्तक सरकारी शाळेचं आहे, सगळ्यांच्या पोरांचं आहे.' मग तक्रारीचा अर्ज झाला. ह्या बाईंना इथून हलवा. सह्या त्रेचाळीस. मंडळी, त्या त्रेचाळिसांतल्या एकानंही तो धडा वाचला नव्हता. पण माझा विनोद सगळ्यांना पाठ होता!

आणि ईश्वरी? तिला कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. आई फक्त म्हणाली, 'बाई, आता जरा तोंड मिटून बस.' लेकराला एवढं पुरतं. त्या दिवसापासून तिनं वर्गात हात वर केला नाही.

सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, त्या सगळ्यांचा दिवस. आबा तर्पणाला बसले. गुरुजी म्हातारे, पण अर्थ सांगत सांगत विधी करणारे. म्हणाले, 'आता हे पाणी शेवटचं. हे ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना.'

आबा थबकले. 'गवताच्या काडीला? गुरुजी, गवत काय माझं पूर्वज आहे?'

गुरुजी म्हणाले, 'पूर्वज आहे का नाही, ते मला माहीत नाही आबा. पाणी त्यालाही द्यायचं, एवढं माहीत आहे.'

आबांनी मान वर केली. दारात ईश्वरी उभी. तिच्या चेहऱ्यावर अगदी ओठापर्यंत आलेला 'का' त्यांना दिसला. आबा म्हणाले, 'काय गं? विचार.'

ईश्वरी म्हणाली, 'काही नाही.' आणि आत गेली.

मंडळी, आबांनी स्वतः येऊन मला हे सांगितलं. म्हणाले, 'महाराज, तात्या गेले तेव्हा घर एवढं गप्प नव्हतं. आता पोरगी पाणी मागतानाही आधी सगळ्यांची तोंडं बघते. माझ्याबरोबर शाळेत चला. विनोद तुमचा होता.'

गेलो. पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. गुडघे बाकात मावेनात. मॅडमना म्हणालो, 'मला शिकवा.' बाईंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. खडू घेतला. म्हणाल्या, 'महाराज, आबांचे गाडेकर आणि पल्याडच्या वाडीतले गाडेकर, मूळ पुरुष एक ना?'

आबा म्हणाले, 'एकच. सात-आठ पिढ्या मागं.'

'मग तुम्ही त्यांच्या पोटी जन्मलात का?'

'छे! ती भावकी.'

'एवढंच धड्यात आहे. माकड आपला बाप नाही, आजा नाही. फार फार मागं, कोट्यवधी वर्षांमागं, मूळ एक. तिथून वाटा फुटल्या. माकड आपली भावकी आहे.'

मी म्हणालो, 'मॅडम, आता कळलं. भावकी आहे म्हणूनच पटत नाही!' मॅडम हसल्या. आबासुद्धा हसले. खरंच आहे हो — देवळात मारुतीपुढं नारळ फोडायचा, आणि हरभऱ्यात वानर उतरलं की फटाके लावायचे. कावळा घासाला शिवला की बाप आला म्हणून डोळ्यात पाणी आणायचं, आणि माकड नात्यात निघालं की अब्रू गेली!

मला हुरूप आला. म्हणालो, 'मग हे तर आमच्या दशावतारातच आहे! आधी मासा, मग कासव, मग वराह... वा! उद्याच्या कीर्तनात सांगतो, की विज्ञान आमच्याकडं आधीपासूनच होतं.'

मला वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, 'नको महाराज, असं सांगू नका. विज्ञान रोज तपासतात. उद्या नवं हाड सापडलं की धड्यातली एखादी ओळ बदलेल. मग काय देवाचा अवतार बदलायला लावाल? तुमचा देव आमच्या पुस्तकाला टेकवून ठेवू नका. आणि आमचं पुस्तक तुमच्या देवाला.'

मंडळी, पस्तीस वर्षं मी कीर्तन करतो. देवाची इतकी काळजी केलेलं वाक्य मी कुण्या पंडिताच्या तोंडून ऐकलं नाही. आणि ह्याच बाईला आम्ही देव बुडवणारी ठरवलं होतं.

आबांनी त्याच दिवशी आपली सही मागं घेतली. घरोघर फिरले. नऊ जणांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, 'आबा, महाराज मांडवात बोलले ते काय खोटं?' मी स्वतः गेलो, सांगितलं, मी चुकलो. तर एक जण मलाच म्हणतो, 'महाराज, तुमच्यावर दबाव आला का?' सही मागं घेता येते हो. पिकवलेला हशा कुठनं मागं घेणार? दसऱ्यानंतर वरून कागद आला. मॅडमना दुसऱ्या शाळेवर जायचं होतं. डोंगराच्या पलीकडं, दोन बस बदलून.

निरोपाचा कार्यक्रम झाला. नारळ, शाल, भाषणं. सही केलेले लोकसुद्धा भाषणात म्हणाले, 'मॅडमचं कार्य मोठं आहे.' मी उभा राहिलो, सगळ्यांसमोर माफी मागितली. मॅडमनी हात जोडले. आता संपणार, तेवढ्यात पोरांच्या रांगेतून एक हात वर आला. दोन महिन्यांनी वर आलेला हात. ईश्वरीचा.

उभी राहिली. म्हणाली, 'मॅडम, तुम्ही माझ्यामुळं चाललाय का?'

अध्यक्षांनी सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी माझ्याकडं. दीड-दोन हजार लोकांपुढं दोन-दोन तास बोलणारा मी — मी फेटा नीट करायला लागलो.

मॅडम खाली उतरल्या. तिच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, 'नाही बाळा. तू ऐकलंस त्यातलं अर्धं घरी सांगितलंस. तुझ्या वयाला अर्धंच सांगता येतं. उरलेलं अर्धं विचारायला मोठ्या माणसांनी शाळेत यायचं असतं.'

बस. एवढं बोलून उठल्या, पिशवी घेतली, आणि बस धरायला गेल्या.

नवे गुरुजी आले. भला माणूस. पण त्या धड्याशी आले, आणि गावाकडं एकदा बघितलं, आणि म्हणाले, 'हा धडा घरी वाचा.' पोरांनी पान उलटलं. कुणाचा देव वाचला, मंडळी? माझा तरी नाही. तो देवळात आधीही होता आणि नंतरही आहे. त्याला त्या धड्याचं भय नव्हतंच. भय मला होतं, की पोरगं मला असं काही विचारेल, ज्याचं उत्तर मला येत नसेल. माझ्या त्या भयाला मी देवाचं नाव दिलं.

आता तुमच्याकडं वळतो. खाली बघू नका, वर बघा. तुमच्या गावातही शाळा आहे. तिच्या भिंतीआड कुणीतरी कमी पगारात, तुटक्या फळ्यावर, तुमच्या लेकरांना तुम्हाला न येणारं काहीतरी शिकवतंय. पोरगं घरी येऊन विचित्र काही बोललं, तर माझ्याकडं येऊ नका. पाया पडायला या, हवं तेव्हा या. पण त्याचं उत्तर घ्यायला माझ्याकडं येऊ नका. मी विनोद चांगला करतो, एवढंच. चपला पायात घाला, शाळेत जा, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसा, आणि म्हणा, 'गुरुजी, आम्हाला कळलं नाही, पुन्हा सांगा.' ऐकून पटलं नाही, तर तिथंच वाद घाला. पण ऐकून!

घ्या, आता दोन्ही हात वर करा. तोंडानं त्याचं नाव घ्या, मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. विठ्ठल, विठ्ठल. आणि जाताना एवढं लक्षात ठेवा — उद्या सोमवार आहे. शाळा साडेदहाला भरते.