शेतकरी हजर आहे का

विश्वजीत : फोटोच हाय ना, ताई? आबांचा फोटो पाहून एवढी बजाजनगरहून गावाकडं धावत आली?

तनुजा : फोटोखाली तारीख होती, विशू. क्रांती चौकात अद्रक घेतली, पिशवीवरचा कोड मोबाइलवर पाहिला. आबांचा फोटो, खाली त्यांचं नाव. ‘शेतकरी तात्यासाहेब. माल समक्ष तपासला.’ तारीख मागच्या आठवड्याची. आबांना जाऊन महिना झाला.

विश्वजीत : माल आपल्याच रानातला होता.

तनुजा : सडला होता.

विश्वजीत : ओली भरली म्या. आबा असते तर दोन दिस सावलीत वाळू दिली असती.

तनुजा : असते तर.

विश्वजीत : मंग काय करू? सातबारा अजून त्यांच्याच नावावर. वारस लागायचाय. माल घेणारी कंपनी म्हणती, ज्याचं रान त्याच्याच नावानं माल. तवर अद्रक थांबती व्हय? पुस्तकं वाचणारीला समदं सरळ दिसतं.

तनुजा : कंपनीला ती नोंद काढायला सांग.

विश्वजीत : निघत नाय. ब्लॉकचेन हाय ती. एक प्रत कंपनीकडं, एक लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्याकडं, एक दुकानदाराकडं. एकदा चढलं की कुणाच्याच हातात नाय. खाली दुरुस्ती जोडता येती, तेवढंच.

तनुजा : मग जोड.

विश्वजीत : ती समद्यांना दिसंल. माणूस नसताना त्याच्या नावानं माल गेला म्हणून. इतक्या वर्षांत आबांच्या नावावर एक वाकडी नोंद नाय. लोक नाव पाहून अद्रक घेतात.

तनुजा : म्हणूनच सांगते. ज्याच्या घरी ती सडकी गेली, तो आज आबांना नावं ठेवत असेल. ‘समक्ष तपासला’चं बटण दाबताना तुझा हात जरासुद्धा थांबला नाही?

आई : त्याला बोलू नको.

तनुजा : आई, तू मध्ये पडू नकोस.

आई : त्यानं नाय दाबलं. म्या दाबलं.

विश्वजीत : आई, ऱ्हाऊ दे ना.

आई : ह्यांना बारीक अक्षर कुठं दिसायचं? ते ढीग उकरून पाहायचे, मान हलवायचे, अन् म्या दाबायचे. पहिल्यापासून तसंच. फोन मह्याच कमरेला असतो.

तनुजा : तेव्हा ते समोर असायचे.

आई : व्हय.

तनुजा : मग आता कसं दाबलंस?

आई : ते विचारतं, ‘शेतकरी हजर आहे का?’ खाली ‘होय’ अन् ‘नाही’. बोट ‘नाही’वर जाईना, बाई.



विश्वजीत : मला ठावं होतं, ताई. काय बोलणार होतो तिला?

तनुजा : मलाच का नाही सांगितलंस?

विश्वजीत : तू तरी कुठं सावरली होती?

तनुजा : आई, फोन दे. दुरुस्ती मी करते.

विश्वजीत : तिथंबी पुन्हा तोच सवाल येतो.

तनुजा : आलाय. ‘नाही’ दाबू, आई?

आई : मला दिसंल असं धर. हं. दाब.

तनुजा : आता कारण विचारतंय. आजारी, परगावी, इतर.

विश्वजीत : गेलेल्या माणसाचा रकानाच नाय?

तनुजा : नाही ठेवलेला.

आई : परगावी दाब.

तनुजा : आई.

आई : बरं. तुला पटंल ते दाब.

तनुजा : ‘इतर’ दाबलं. लिहायला जागा आली. काय लिहू?

विश्वजीत : वारले म्हणून लिही. त्यानंतरचा माल विश्वजीतनं पाठवला, ओला होता, तेबी लिही. मह्यं नाव घाल.

तनुजा : नक्की? उद्या तुझ्या नावानं माल निघेल, तेव्हाही हे दिसेल.

विश्वजीत : दिसू दे.

तनुजा : आई, हे पुन्हा खोडता येणार नाही.

आई : अन् त्यांचं आधीचं, इतक्या वर्षांचं?

तनुजा : तेही नाही. ते सगळं तसंच राहील.

आई : मंग लिही. सावकाश लिही.