सैंधवाचा नवस

कळंबच्या दवाखान्यात शारदाबाई थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची पोटुशी सून हळू आवाजात बोलत होत्या.

"आत्याबाई, गळा लईच सुजलाय. उठलं की हातपाय गळून जातेत."

"मोबाईलवर ऐकलं न्हाईस का, निकिता? किडनीवरच्या ग्रंथी थकतेत म्हणे. आराम केला की जातंय."

"मागल्या बारीला डॉक्टरीणबाईंनी इचारलं, मीठ कोणतं खातीस?"

"मग काय सांगितलंस?"

"पुडीतलंच, आयोडीनवालं. तुम्ही सांगितलं व्हतं तसं."

"बरं केलंस. आजबी तसंच सांग."

"त्या म्हणल्या, आयोडीन कमी पडलं तर लेकराच्या मेंदूला धोका असतोय."

"अगं, बाळंत होईस्तोर सुनंला उपासाचं सैंधवच चारीन, असं म्या तुळजापूरच्या आईला बोलले हाय. नवस मोडला तर लेकराचं काय हुईल?"

"अन् न्हाय मोडला तर?"

सासू नुसतं पदराचं टोक पिळत राहिली.

आतून शारदाबाईंना हाक आली. त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि त्या सुनेकडं वळल्या.

"तू जा आधी, बाई. एकटीच जा."