बोळावरचा हक्क

खांडबाऱ्याहून लग्न होऊन या शहरात आलेली दामिनी लेकीच्या जन्मदाखल्यासाठी पालिकेच्या रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारी होती आणि खिडकीत कारकून.

"तापीबाई, पालिकेनं बोळावरचा वहिवाटीचा हक्क सोडला. आता बोळ दुकानवाल्याचा."

"हक्क तुमना व्हता का?"

"लोकांचा. पालिका फक्त सांभाळते."

"मंग सांभाळाना व्हता. दुसराले काबरं दिधा?"

"सभेत ठराव झाला. हरकती मागवल्या होत्या."

"माले कोन्ही इचारं नही."

"नोटीस लावली होती, आजी."

"माले वाचता येत नही. मन्हं एकच दार, ते बी बोळमा. त्यानी भिंत बांधी टाकी. आज शेजारनी गच्चीवरथून उतरनू."

"मग दुसरं दार काढा."

"तिन्ही बाजू लोकस्ना घरं शेतस. ठरावले सरकारनी मंजुरी उनी का?"

"अजून नाही."

"मंजुरी नही, तरी भिंत उभी?"

"पाडायची तर त्यालाही ठराव लागतो. पुढच्या सभेत बघू."

तापीबाई वळल्या आणि कचेरीच्या दारातच, उंबऱ्यावर आडव्या बसल्या.

"आजी, उठा तिथून. लोकांची जायची वाट आहे ती."

"माले माहीत शे. करा ठराव, मंग उठसू."

कारकुनानं वैतागून पुढचा नंबर पुकारला. नंबर दामिनीचा होता. तिनं हातातले कागद पिशवीत ठेवले, दाराशी आली आणि माहेरच्या बोलीत म्हणाली,

"जरा सरका, माय. माले बी बसू द्या."