सेनापतीला मेणबत्ती

मला जुनी पदकं जमवायचा नाद होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली असतील. एका इंग्रज सेनापतीने ज्या बंगल्यातून लढाई चालवली, त्या बंगल्याचं चित्र असलेलं पदक मला कुठेच मिळत नव्हतं. ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यात कार्मेलिनबाई नावाच्या विधवेकडे आहे असं कळलं, तसा शाळा सुटल्यावर सायकल काढून तडक गेलो. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. वारायच्या आधी त्यानेच ते कुठून तरी आणलेलं.

पदक घरातल्या क्रुसाशेजारी खिळ्याला टांगलं होतं आणि खाली मेणबत्ती जळत होती.

"कुठल्या संताचं देऊळ हाय ते ठाव नाय, मास्तर," ती म्हणाली. "पन पोरगा समुद्रात गेला की मी मेणबत्ती लावते. मागं होडी बुडाली, तरी पोरगा पोहत आला."

मला वाटलं, खरं सांगितलं की पदक आपलंच.

"बाई, हे देऊळ नाही. इथे एक सेनापती राहायचा. इथूनच लढाईचे हुकूम सोडायचा."

ती पदकाकडे बघत राहिली. "कॅथलिक व्हता?"

"नाही, प्रोटेस्टंट. त्यांच्यात संतांना मेणबत्त्या लावत नाहीत." हे मी मुद्दाम जोडलं.

"म्हंजे त्याच्यासाठी मेणबत्ती लावनारं कोनीच नाय?"

"कोणीच नाही," म्हणत मी हात पुढे केला.

"मग त्याला तुमच्याकडं कसा धाडू, मास्तर? नाव तेवढं सांगून जा त्याचं."