माजी आमदारांची सही

(सिंगापूरचं उपनगर पुंगोल, २०१५. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, शनिवार सकाळ. ऋचा साडी नेसून तयार, बाबा अजून बनियनवर.)

ऋचा : निदान पासपोर्ट तरी काढून ठेवा, बाबा. लग्न लावणारे गृहस्थ अकराला घरी येतील. साक्षीदाराचा पासपोर्ट बघतात.

बाबा : साक्षीदार व्हायचं मी कबूल कुठं केलंय? लग्नाला आलो, जेवून जाईन. सही मागू नकोस.

ऋचा : दोघं लागतात. जुनवेईकडून त्याची आई, माझ्याकडून तुम्ही.

बाबा : तुझ्या आईला घे की.

ऋचा : आई आनंदानं करेल. बघा ना, विहीणबाईंबरोबर फुलं आणायला गेलीय. एकीला मँडरिन येत नाही, दुसरीला मराठी. तरी तासभर झाला, परतायचं नाव नाही!

बाबा : ती पहिल्यापासूनच फितूर.

ऋचा : मला तुमची सही हवीय.

बाबा : अगं, अठरा वर्षं विधान परिषदेत काढली मी. पदवीधरांनी तीनदा निवडून दिलं, माणूस शब्दाला पक्का म्हणून. नोंदणी लग्नाला आईवडिलांची संमती हवी, असं विधेयक मांडलं. अख्खं सभागृह हसलं. स्वपक्षाचेसुद्धा. एकटा उभा राहिलो.

ऋचा : ठाऊक आहे. कॉलेजात मला ‘संमतीपत्र’ म्हणून हाका मारायचे.

बाबा : हे कधी बोलली नाहीस.

ऋचा : तुमचं बिल आधीच पडलं होतं. त्यात माझं कुठं सांगू?

बाबा : ...आणि आता मीच असल्या लग्नाच्या कागदावर सही करू?

ऋचा : इथं कोण बघतंय?

बाबा : मी बघतोय ना.

ऋचा : बायकांच्या रात्रपाळीलाही तुमचा विरोध होता.

बाबा : अजून आहे.

ऋचा : मग मी हिंजवडीत रात्रपाळी करायचे, तेव्हा गेटबाहेर स्कूटर घेऊन कोण उभं असायचं?

बाबा : ते वेगळं. कंपनीच्या ड्रायव्हरांचा मला भरवसा नव्हता.

ऋचा : दिवसा विरोधात भाषण, रात्री स्कूटर. पण ‘नोकरी सोड’ असं एकदाही म्हणाला नाहीत.

बाबा : म्हटलं असतं तर सोडली असतीस?

ऋचा : छे.

बाबा : मग? पालथ्या घड्यावर पाणी.

ऋचा : आजही मत बदलू नका, बाबा. फक्त स्कूटर घेऊन या.

बाबा : ...तुझा तो जुनवेई. विमानतळावर माझी बॅग सोडेना. मीही सोडेना. टॅक्सीपर्यंत दोघं एकच बॅग धरून चाललो.

ऋचा : सांगितलं त्यानं. इथल्या इंग्रजीत म्हणाला, युवर फादर व्हेरी स्ट्राँग, लाह.

बाबा : हट्टी आहे. बरा आहे. ...साक्षीदार नेमकं काय लिहून देतो?

ऋचा : एवढंच, की लग्न त्याच्यासमोर झालं.

बाबा : तू राजीखुशीनं करतेयस ना?

ऋचा : हो.

बाबा : कुणाच्या भिडेखातर नाही?

ऋचा : नाही हो, बाबा.

बाबा : तो इस्त्रीचा सदरा दे इकडं. चष्माही. कागदाचा नमुना असेल ना तुझ्याकडे? वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही.

ऋचा : हा घ्या. रडू नका, बाबा. मग मीही रडेन, आणि काजळ पसरेल.

बाबा : कोण रडतंय? अक्षर बारीक आहे. वर... वधू... साक्षीदार एक, साक्षीदार दोन... आणि आईवडिलांच्या संमतीचा रकाना?

ऋचा : तो नसतो. इथं ती लागतच नाही.

बाबा : मग मी ती लिहू कुठं?