हरभऱ्यातली कबुतरं

आलापल्लीच्या बसथांब्यावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. झाकलेली टोपली घेऊन एक माणूस धापा टाकत त्यांच्याजवळ आला.

“अंजनाबाई, थांबा! तुमचा भुऱ्या कबुतर सापडला.”

“खोटं नका बोलू, देवाजीभाऊ. त्याले मांजरीनं खाल्लं.”

“टोपलीत पाहा ना.”

“अरे बाप्पा! जिताच हाय! कुठी होता?”

“माह्या हरभऱ्यात. मी मातीची कबुतरं मांडतो, त्यायले पाहून खरी उतरतात, मंग गुलेलनं मारतो. काल हा त्यायच्यातच येऊन बसला.”

“अन् तुमी मारला नाई?”

“जे हलते त्यालेच मारतो, बाई. नाई तं माहीच मातीची फुटतीन. हा दिवसभर हललाच नाई. सांजेला सारी पोत्यात भरून राह्यलो होतो, तं एक हाताले गरम लागलं.”

“अगं माय!”

“जरा मान हलवली असती तं गेलाच होता.”

“काऊन नाई हलला? घरी तं एका जागी बसत नाई.”

“एका मातीच्या कबुतराले खेटून बसला होता.”

“त्याची मादी गेली ना जी, दिवाळीत.”

“म्हणून ते मातीचंबी आणलं. खाली हाय पाहा. त्याच्याबिगर हा टोपलीत बसेच ना.”

“मंग तुमाले?”

“मी दुसरं थापतो.”

“घर खायले उठलं म्हणून लेकीकडं चालले होते. चला, आता घरीच जाते.”

“बाई, एक करजा. याच्या आंघोळीचं पाणी दूर ठेवजा. ते कबुतर कच्च्या मातीचं हाय, भिजलं तं विरघळन.”